मदत हवी आहे: गेमच्या स्क्रीनशॉटला 1914 च्या फोटोचं रूप कसं द्यावं?

कंदी_पेढा

नमस्कार मंडळी,

'बॅटलफील्ड 1' या गेममध्ये फाओच्या किल्ल्याचा एक नकाशा आहे. आजच्या इराकमध्ये, शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी, पहिल्या महायुद्धात 6 नोव्हेंबर 1914 ला हिंदुस्थानी फौज जिथे उतरली तोच भाग. माझे पणजोबा 117 व्या मराठा पलटणीत होते आणि ती पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर त्या मोहिमेत होती. पुढे कुतचा वेढा, तुर्कांची कैद, सगळं भोगून माणूस गावी परत आला. पण घरात त्यांचा फोटो एकही नाही. आहे तो फक्त एक स्टार, म्हणजे युद्धाचं पदक, मागे नंबर आणि पलटणीचं नाव ठोकलेला.

मला त्या किनाऱ्याचं एक चित्र जुन्या फोटोसारखं करून दिवाळीला आजोबांना द्यायचंय. ते नव्वदीला टेकलेत. स्क्रीनशॉट चांगला मिळालाय: तटबंदी, पाठमोरे तीन शिपाई, मागे धूर. गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग काढले, सेपिया (तपकिरी झाक) दिला, भरपूर ग्रेन (दाणेदारपणा) टाकला, वर नेटवरून उतरवलेला ओरखड्यांचा थर चढवला. लग्नाच्या व्हिडिओत 'त्या जुन्या आठवणी' म्हणून जो इफेक्ट येतो ना, हुबेहूब तसं दिसतंय. गेम आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

काय चुकतंय? प्रिंट 12 बाय 18 इंचाची काढायचा विचार आहे.

डार्करूम

आधी तो ओरखड्यांचा थर काढून टाका. उभ्या रेघा सिनेमाच्या रिळावर पडतात, कारण ते प्रोजेक्टरमधून घासत जातं. स्थिर फोटोवर त्या कुठून येणार?

सेपिया नंतर बघू. मुख्य घोटाळा रंग काढण्यात आहे. तुम्ही 'डीसॅच्युरेट' केलंत, म्हणजे आजच्या डोळ्याला दिसतं तसं कृष्णधवल. त्या काळी बाजारात मिळणारी रोल फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी असायची. निळं तिला फार दिसायचं, म्हणून जुन्या फोटोत आकाश कोरं पांढरं असतं, ढगसुद्धा नाहीत. चेहरे असतात त्यापेक्षा काळवंडलेले येतात. मी तरुणपणी प्रेसमध्ये लिथ फिल्म धुवायचो, तीही याच जातीची. लाल दिव्याखाली ट्रे हलवत बसायचं, फिल्मला त्या उजेडाचा पत्ताच नाही. एकदा लाल शाईतला मजकूर काळ्यासारखाच छापून आला, तेव्हा ही गोष्ट डोक्यात पक्की बसली.

गिंपमध्ये 'मोनो मिक्सर' घ्या. लाल शून्य, हिरवा 0.35, निळा 0.65 च्या आसपास. एवढ्यानेच चित्र पंचवीस-तीस वर्षं मागे जाईल.

कंदी_पेढा

डार्करूमकाका, केलं. आकाश तुम्ही म्हणता तसंच झालं! पण वाळू आणि शिपायांच्या पाठी जवळजवळ काळ्या झाल्या आणि त्या काळ्यात बारीक चौकोन चौकोन दिसतायत. फरशी बसवल्यासारखे.

पिक्सेलपाटील

स्टीमवर एफ-12 दाबून घेतलाय ना स्क्रीनशॉट? ती जेपेग फाइल असते. जेपेगमध्ये रंगाची माहिती सगळ्यात आधी चिरडली जाते, आणि निळ्या चॅनलमध्ये ते सगळ्यात घाण दिसतं. सेटिंगमध्ये 'अनकॉम्प्रेस्ड कॉपी' जपून ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा आणि परत घ्या. गिंपमध्ये उघडल्यावर प्रिसिजन 32 बिट करा, नाहीतर कर्व्ह (उजेड-अंधार कमी-जास्त करायची रेघ) ओढल्यावर आकाशात पट्टे पडतील.

वाळू काळी होतेय कारण गेमवाल्यांनी सगळ्यावर नारिंगी उन्हाचा हात फिरवलाय. मोनो मिक्सरच्या आधी कलर टेंपरेचर थंडाकडे न्या, पांढरं पांढरं दिसेपर्यंत.

डार्करूम

बरोबर. आता कॅमेऱ्याचा विचार करा. तो कोणाच्या हातात होता? बहुधा एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातला 'व्हेस्ट पॉकेट कोडॅक', 1912 पासून बाजारात होता. त्याचा व्ह्यूफाइंडर वरून, मान खाली घालून बघायचा, म्हणजे कॅमेरा पोटा-छातीशी. तुमचा स्क्रीनशॉट उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून आहे. गेममध्ये खाली बसा आणि मग घ्या.

दुसरं म्हणजे दृष्टीचा कोन. गेममध्ये आडवा कोन 90 अंशांच्या आसपास असतो, त्या कॅमेऱ्याचा 46 च्या आसपास. म्हणून कडेच्या गोष्टी ताणल्यासारख्या दिसतात आणि बघणाऱ्याला नेमकं कळत नसलं तरी खटकतं. सेटिंगमधून कोन इतका खाली येणार नाही, तेव्हा कापा. मधली 42 टक्के रुंदी ठेवा.

कंदी_पेढा

अहो, 1920 मधले आठशेच पिक्सेल उरतील! 12 बाय 18 ला काय पुरणार?

डार्करूम

मग 12 बाय 18 काढू नका. त्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह अडीच इंच रुंद, आणि सैनिकांच्या अल्बममधल्या कितीतरी प्रिंट निगेटिव्ह कागदावर ठेवून काढलेल्या, म्हणजे तेवढ्याच मापाच्या. इंचाला 300 पिक्सेल या हिशोबाने अडीच इंचाला 750 लागतात. तुमच्याकडे 800 आहेत. हवा तर माउंट, म्हणजे भोवतीचा पुठ्ठा, मोठा घ्या, फोटो मध्ये चिमुकला राहू दे.

आणि हो, निगेटिव्ह मोठी केलेलीच नसली की ग्रेनही मोठा होत नाही. भरपूर-बिरपूर नको. नुसता स्पर्श द्या, तोही मधल्या करड्या छटांत. त्याऐवजी सगळ्या चित्राला एक पिक्सेलचा ब्लर, कडांना थोडा जास्त. गेमच्या दगडांच्या धारा वस्तऱ्यासारख्या असतात, त्यांनीच घात होतो. पार्श्वभूमी धूसर करणारा गेमचा इफेक्ट मात्र बंद ठेवा. त्या साध्या भिंगात जवळचं-लांबचं सगळं सारखंच बऱ्यापैकी दिसायचं. शटर 1/25 नाहीतर 1/50, म्हणून पळणाऱ्या माणसाचे पाय फरफटलेले यायला हवेत. तुमचे तिघं उभेच आहेत, सुटलात.

काळा पूर्ण काळा ठेवू नका, कर्व्हचं खालचं टोक जरा उचला. मग शेवटी पिवळसर तपकिरी झाक, अगदी फिकट.

मोडीवाचक

तांत्रिक बाजू मंडळींनी सांगितली आहेच. शिपायांच्या डोक्यावर पत्र्याचं ब्रॉडी हेल्मेट असेल तर ते चौकटीबाहेर जाऊ द्या. ते 1915 च्या शरदात आलं. हातात एमपी-18 ही जर्मन मशीनगन असेल तर ती 1918 ची. या गेममध्ये असल्या सरमिसळीला तोटा नाही.

एक शंका मात्र बोलून टाकतो, राग मानू नका. हे चित्र चांगलं जमलं तर दोन वर्षांनी तुमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपले पणजोबा, फाओ, 1914' म्हणून फिरेल. तुम्ही नाही लिहिणार, पण कोणीतरी लिहीलच. 1917 मध्ये फ्रँक हर्ली या ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत छायाचित्रकाराने अनेक निगेटिव्ह जोडून लढाईची देखावेबाज चित्रं केली, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा अधिकृत युद्धवार्ताहर चार्ल्स बीन याच्याशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. हर्लीकडे निदान खऱ्या निगेटिव्ह होत्या.

कंदी_पेढा

राग कसला. आत्याने कालच पणजोबांबद्दल विचारलं, "यातले अण्णा कुठले?" मी फक्त अर्धवट झालेलं चित्र दाखवलं होतं.

नवीन स्क्रीनशॉट घेतला, बसून, पीएनजीमध्ये. कापला, निळा-हिरवा केला, कडा मऊ केल्या. मोबाइलवर लहान करून बघितलं तर माझ्याच अंगावर काटा आला. फक्त मधल्याच्या खांद्यावरची बंदूक अजून प्लॅस्टिकची वाटते, तिच्यावर एक पांढरी चमक आहे.

पिक्सेलपाटील

ती चमक क्लोन करून मारा, किंवा 'बर्न'ने दाबा. दोन मिनिटांचं काम.

मोडीवाचक

आणि 'संगणकीय खेळातील दृश्य' हे माउंटवर नको, चित्राच्याच खालच्या पांढऱ्या पट्टीत लिहा. माउंट स्कॅन करताना कापला जातो. शेजारी त्या स्टारच्या मागच्या बाजूचा साधा फोटो लावता येईल का? नंबर वाचता येईल असा.

कंदी_पेढा

येईल. कपाटाची किल्ली आजोबांच्या जानव्याला असते, तेवढी कशी मागायची ते बघतो.