शब्दचर्चा: ‘फ्लॉड’ पोलिसाला मराठीत काय म्हणायचं?

शाईदौत
आमच्या फिल्म क्लबच्या पत्रकासाठी ‘एल.ए. कॉन्फिडेन्शियल’वर (१९९७, दिग्दर्शक कर्टिस हॅन्सन) दीड पान लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. म्हणायचं एवढंच आहे की या निओ-न्वार सिनेमाची (काळोख्या गुन्हेपटांचा नवा अवतार) सगळी ओढ त्यातल्या तीन ‘फ्लॉड’ (flawed, स्वभावातच काहीतरी दोष असलेल्या) डिटेक्टिव्हांमुळे आहे. ‘सदोष गुप्तहेर’ लिहून पाहिलं, तर ते वॉरंटी कार्डावरच्या मजकुरासारखं वाटलं. ‘भ्रष्ट पोलीस’ लिहिलं की अर्थच बदलतो, कारण तिघांपैकी दोघे पैसे खात नाहीत. ‘बिघडलेले’ म्हणजे आधी कधीतरी धड होते असं होतं. सुचवा काहीतरी.
चर्चेत शेवटासकट सगळं येणार, तेव्हा सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

रातपाळी
ताई, आधी ‘गुप्तहेर’ खोडा. गुप्तहेर म्हणजे बहिर्जी नाईक. वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरतो तो. लॉस एंजेलिस पोलीस खात्यातला डिटेक्टिव्ह हा पगारी नोकर असतो, त्याला हुद्दा असतो, वर साहेब असतो. आपल्याकडे पोलीस ठाण्यात हे काम करणाऱ्यांच्या पथकाचं कागदावरचं नाव ‘गुन्हे प्रकटीकरण पथक’, बोलताना ‘डीबी’. जिल्ह्याला स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे ‘एलसीबीवाले’. मी बरीच वर्षं क्राइम बीट केली, एकाही हवालदाराच्या तोंडून ‘गुप्तहेर’ ऐकलं नाही. सरळ ‘डिटेक्टिव्ह’ लिहा, सगळ्यांना कळतं.

उंबरठा
कळतं खरं, पण मराठी वाचकाच्या डोक्यात ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलं की बाबूराव अर्नाळकरांच्या नायकांच्या जातकुळीतला कुणीतरी येतो. हुशार, धाडसी आणि मनाने स्वच्छ. त्या शब्दाला डाग लावायचा म्हणजे विशेषण लागणारच.

‘न्वार’बद्दलही थोडं लिहा. शब्द फ्रेंच, अर्थ काळा. युद्धाच्या काळात अडकलेले हॉलिवूडचे गुन्हेपट पॅरिसात एकदम पोचले, तेव्हा नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ साली तो त्यांना लावला. ‘कृष्णपट’ करू नका, लोक ‘कृष्णधवल’ वाचतील. आणि या सिनेमात काळोख शोधायला गेलात तर फार सापडणार नाही. छायालेखक दांते स्पिनोत्तीने मोठा भाग लख्ख उजेडात ठेवलाय. ज्या श्रीमंत माणसाच्या जिवावर शहरातला उच्चभ्रू वेश्याव्यवसाय चालतो, त्याचं घर म्हणून रिचर्ड नॉयट्राचं १९२९चं लव्हेल हाऊस दाखवलंय. पांढरंशुभ्र, काचाच काचा. लपवायला कोपरा नाही आणि सगळं लपलेलं. नवकथेतल्या ‘नव’सारखा ‘निओ’ तिथे सार्थ होतो. बाकी ‘निओ-न्वार’ तसंच राहू द्या, ‘नवन्वार’ म्हटलं की नवऱ्याचा काहीतरी प्रकार वाटतो.

चौथा गडी
‘डागाळलेले’ का नाही? वर्दी, डाग, सगळं जुळतं.

शाईदौत
तोच पहिला सुचला होता, पण डाग बाहेरून पडतो आणि धुता येतो. बड व्हाइटचं (रसेल क्रो) तसं नाही. पहिल्या काही मिनिटांतच तो एका घराबाहेर उभा असतो, आत नवरा बायकोला मारतोय. बड दार ठोठावत नाही. छतावरची नाताळची रोषणाई खेचून खाली पाडतो, नवरा तणतणत बाहेर आला की त्याला धुतो आणि बेड्या घालतो. आपण खुर्चीत बसून ‘बरं झालं’ म्हणतो. पुढे कळतं की लहानपणी बापाने त्याला रेडिएटरला बांधून ठेवलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत आईला मारून टाकलं. म्हणजे हा राग वर्दीवर उडालेला नाही, वर्दी या रागावर चढवलेली आहे. आणि शेवटाकडे हाच बड लिनवर (किम बेसिंगर), जिच्यावर त्याचं प्रेम आहे तिच्यावर, हात उगारतो. तिथे ‘बरं झालं’ म्हटल्याची लाज वाटते. हे ‘डाग’ या शब्दात मावत नाही.

आजोळ
मग ‘खोट’. आतली असते, वरून दिसत नाही, आणि ‘आपलंच नाणं खोटं’ ही म्हणही हाताशी आहे. पोलिसांनी पोलिसांवर साक्ष देण्याचा भाग आहेच सिनेमात.

रातपाळी
म्हण झकास, शब्द नको. ‘मनात खोट’ म्हणजे हेतू वाईट. एड एक्सलीच्या (गाय पिअर्स) मनात खोट नाही, तिथेच तर सगळी पंचाईत आहे. १९५१च्या नाताळात लॉस एंजेलिसमध्ये दारू प्यायलेल्या पोलिसांनी कोठडीतल्या सात तरुणांना बेदम मारलं होतं, त्यातले पाच मेक्सिकन वंशाचे. आठ पोलिसांवर खटले झाले. सिनेमातलं कोठडीचं प्रकरण त्यावरच बेतलंय. एक्सली सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष देतो, खरी देतो, आणि मोबदल्यात डिटेक्टिव्ह लेफ्टनंटची बढती मागून घेतो. खरं बोलण्याचाही भाव ठरवणारा माणूस. याला खोटा म्हणता येत नाही आणि सज्जन म्हणताना जीभ अडखळते.

खात्यात असले अधिकारी पाहिलेत मी. कागद चोख, कुणाचा चहासुद्धा घेणार नाहीत, आणि कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर दुसरं कुणी बसणार नाही.

आजोळ
बरं, खोट मागे घेते. मग ‘पीळ’ कसा वाटतो? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो पीळ. सुंभाला ताकद त्या पिळामुळेच येते, आणि पीळ वाकडाही असतो. दोष आणि बळ वेगळे काढता येत नाहीत. मला वाटतं या सिनेमाची ओढ हीच आहे. हे पोलीस दोष असूनही गुन्हा उकलतात असं नाही, त्या दोषामुळेच उकलतात. नाइट आउल या कॉफी शॉपमधल्या हत्याकांडाची फाइल बंद झालेली असते, सगळे खूश. बड ती उघडतो, कारण तिथे मेलेल्या एका पोरीच्या आईचं रडणं त्याला सोसत नाही. एक्सली उघडतो, कारण ज्या कामाबद्दल पदक मिळालं ते चुकलेलं असणं त्याच्या अहंकाराला झेपत नाही. धडधाकट स्वभावाचा माणूस पदक भिंतीवर टांगून गप्प बसला असता.

चौथा गडी
क्या बात! पण ‘पीळदार पोलीस’ लिहिलंत तर लोकांना दंड-बैठका काढणारा हवालदार दिसेल. आणि ‘पिळलेले’ म्हणजे प्रेक्षकांनाच पिळलं असं वाटेल.

उंबरठा
‘पीळ’ त्या दोघांना चपखल बसतो. जॅक व्हिन्सेन्सचं (केव्हिन स्पेसी) काय? त्याला पीळ नाही, तो सैल पडलेला माणूस आहे. टीव्हीवरच्या पोलीस मालिकेचा सल्लागार, झगझगीत कोट, आणि गॉसिप मासिकवाल्याशी संगनमत करून नटनट्यांना अटक करणार, फोटोसह. एक्सली त्याला विचारतो, पोलीस का झालास? तो थोडा वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, आठवत नाही. मला अख्ख्या सिनेमात ते उत्तर सर्वांत भयंकर वाटतं. गोळीबार त्यापुढे काहीच नाही.

रातपाळी
त्याला आमच्याकडे ‘सेटिंगवाला’ म्हणतात. पत्रकार आणि पोलीस यांचं सेटिंग, दोन्ही बाजूंनी ओळखीचा प्रकार आहे, जास्त बोलत नाही.

पण सैल पडलेला माणूस ताठ होतो तो प्रसंग लिहाच. मासिकवाल्याने एका होतकरू नटाला जाळ्यात अडकवायचं ठरवलंय, जॅकला त्याचे पन्नास डॉलर मिळालेत. जॅक बारमध्ये बसलाय, समोर ग्लास. आरशात स्वतःकडे बघतो. पन्नासची नोट ग्लासावर ठेवतो आणि उठतो. संवाद एक नाही. पोचतो तोवर पोरगा मेलेला असतो. ‘प्रायश्चित्त’ वगैरे लिहू नका, तेवढा मोठा तो नाही. ‘लाज वाटली’ म्हणा, पुरे.

शाईदौत
छान. म्हणजे तिघांना एकच विशेषण लावायचा माझा हट्टच चुकीच्या दिशेने चालला होता. बडला पीळ, एक्सलीलाही पीळ पण वेगळ्या दोरीचा, आणि जॅकची लाज. आता कॅप्टन डडली स्मिथ (जेम्स क्रॉमवेल) उरला. त्याला मात्र ‘भ्रष्ट’ म्हणायला हरकत नाही ना?

आजोळ
नाहीच. उलट ‘भ्रष्ट’ त्याच्यासाठीच राखून ठेवा, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळा पडेल. त्याच्यात पीळ शोधूनही मिळत नाही. गोड बोलतो, पोरांच्या पाठीवर हात ठेवतो, कधी आवाज चढवत नाही. एक्सली डिटेक्टिव्ह व्हायला निघतो तेव्हा तो विचारतो: गुन्हेगार आहे हे माहीत असेल तर पुरावा पेरशील? मारून कबुली घेशील? सुटून जाईल म्हणून पाठीत गोळी घालशील? एक्सली तिन्हीला नाही म्हणतो. मग तो शांतपणे चष्मा काढून ठेवायचा सल्ला देतो. शेवटी एक्सली डडलीच्याच पाठीत गोळी घालतो. आणि आपण खुर्चीत बसून पुन्हा ‘बरं झालं’ म्हणतो! छतावरच्या रोषणाईनंतर लाज वाटली होती ना, ती कुठे जाते कोण जाणे.

जेम्स एलरॉयच्या १९९०च्या जाडजूड कादंबरीतून ब्रायन हेल्गलँड आणि हॅन्सन यांनी ही पटकथा काढली. नऊ ऑस्कर नामांकनं होती, पण ते ‘टायटॅनिक’चं वर्ष. यांना पटकथेचं आणि किम बेसिंगरला सहायक अभिनेत्रीचं, एवढी दोनच. बोट बुडाली ती यांना घेऊन.

रातपाळी
आणखी एक शब्द राहिला. डडली मेल्यावर खात्याचे वरिष्ठ हिशेब करतात. खरं सांगितलं तर खात्याची अब्रू जाते, म्हणून तो कर्तव्य बजावताना शहीद झाला असं जाहीर करायचं ठरतं. एक्सली काचेआड बसून आपला भाव पुन्हा ठरवतो: शहीद एक पुरणार नाही, सोबत एक नायकही लागेल. त्याला दुसरं पदक मिळतं. आपल्या बातमीच्या भाषेत याला ‘वीरमरण’ म्हणतात. मी स्वतः हा शब्द कितीतरी मथळ्यांत वापरलाय, आणि बहुतेक वेळा तो खराच होता. पण प्रेसनोटमधून येतो तेव्हा वेगळा ओळखू येत नाही. पत्रकात तिथे ‘वीरमरण’च लिहा, अवतरणचिन्ह न देता.

शाईदौत
लिहिते. अवतरणचिन्ह दिलं नाही तर मुद्रितशोधक काका भांडायला येतील, त्यांना तुमच्याकडे पाठवते.