पार्किंगमधल्या दोन म्हाताऱ्या

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी पार्किंगचे पट्टे रंगवायला माणसं येणार आहेत. ए-101 ची फियाट आणि बी-304 ची मारुती शनिवारी रात्रीपर्यंत हलवा. दोन्हींच्या खाली मांजराची पिल्लं नाहीत ना, ते आधी बघा.

ए-101 अण्णा: हलवतो. पण मागच्या मीटिंगसारखं भंगार म्हणायचं नाही. 1981 ची पद्मिनी आहे, कुर्ल्याला बनलेली. व्हिंटेज!

सी-202: काका, नियमाने व्हिंटेजला 50 वर्षं पूर्ण लागतात 😄

ए-101 अण्णा: थांबतो की. पत्रा बघ तिचा. बी-304 च्या डब्याला कोपर टेकलं तरी पोचा पडतो.

बी-304: डबा तर डबा. साडेसहाशे किलोचा आहे, तुमची नऊशेच्या घरात. तुमचं इंजिन 1089 सीसी, माझं 796, तीनच सिलिंडर. तरी ताकदीत उन्नीस-बीस! खंडाळ्यात तुम्ही बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसायचात, ते पण सांगा ग्रुपवर.

ए-101 अण्णा: बसायचो. गरम झालं की पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, कार्बोरेटरला काही पोचायचंच नाही. फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, पोरं तोवर कणसं खायची. रस्त्यात बिघडली तर रस्त्यातच दुरुस्त व्हायची. आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणून पुढे सलग सीट. गणपतीला कोकणात नऊ जण गेलोय. तुमच्या 800 मध्ये नऊ जण बसवून दाखवा.

डी-401: आमच्या वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती मुंबईत. मी एकदा विचारलं, मारुतीची टॅक्सी का नाही घेतली? म्हणाले, टपावर लग्नघरचं सामान कोण नेणार? शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 ला ताडदेवला नोंदलेली. 20 वर्षं भरली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तीही गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत नीट.

बी-304: 🙏 पण मायलेजचं बोलू नका अण्णा.

ए-101 अण्णा: मायलेज बघणाऱ्याने सायकल घ्यावी.

ए-101 काकू: मी एक बोलू? 83 साली ह्याच फियाटवर शिकायला बसले होते. स्टिअरिंग फिरवून खांदे भरून यायचे, गिअर कुठला पडला कळायचं नाही, आणि शेजारून हे ओरडायचे. सोडून दिलं. त्याच डिसेंबरात इंदिराबाईंनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली, तो फोटो पेपरात बघितला होता. पण आमच्या बिल्डिंगमध्ये 800 यायला 92 उजाडलं. बी-304 च्या वहिनींनी मला आठ दिवसांत शिकवलं. मंडई, मुलांचे क्लास, सासूबाईंचं डायलिसिस, सगळं त्यांची गाडी मागून केलं. फियाट मी फक्त पुसली.

ए-101 अण्णा: अगं ग्रुपवर कशाला

सी-202: काका गेले ऑफलाइन 😂

सेक्रेटरी: शनिवार, रात्रीचे 9 वाजले. गाड्या जागेवरच आहेत.

बी-304: 800 दुसऱ्या स्टार्टरला सुरू झाली. फियाटची बॅटरी पार बसलीये. टोचन करायला दोरी आहे का कुणाकडे?

ए-101 काकू: आमच्याच डिकीत आहे. 800 मी घेते, ह्यांना फियाटच्या स्टिअरिंगवर बसवा.