मदत हवी आहे: उत्तर सोलापुरातल्या मुरमाड माळावर दुष्काळ सोसणारी रोपं कशी निवडावीत?

गायरान_तीन_एकर

नमस्कार मंडळी. गावच्या गायरानातली उताराची ३ एकर जागा झाडांसाठी मिळाली आहे. वर जेमतेम वीतभर माती, खाली कडक मुरूम आणि मध्ये मध्ये चुनखडीचे पांढरे खडे. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.२ आला. पाऊस सरासरी साडेपाचशे मिमीच्या आसपास. जूनमध्ये एक-दोन सरी येतात, जुलैत दडी, आणि खरा पाऊस सप्टेंबरात. मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो. पाण्यासाठी ५,००० लिटरच्या ट्रॅक्टर टँकरची पंधरवड्याला एक खेप दोन वर्षं नक्की मिळेल, त्याहून जास्त नाही. आजूबाजूला शेळ्या-मेंढ्या चरतात.

मंडळातल्या काहींचं म्हणणं आहे की चीड (हिमालयातला पाईन) लावू, बारमाही हिरवा राहतो. परदेशात पाईनची दुष्काळ सोसणारी रोपं निवडून लावतात, हेही वाचनात आलं. आमचा विचार १,२०० रोपांचा आहे. कोणती जात घ्यावी आणि रोपवाटिकेत रोप नेमकं काय बघून निवडावं?

बी_बियाणं

चीड हिमालयाच्या उतारावरचं झाड आहे, साधारण ५०० ते २,००० मीटर उंचीवरचं. त्याला थंड हिवाळा आणि चुना नसलेली, निचऱ्याची जमीन लागते. तुमच्या ८.२ सामूच्या चुनखडीत त्याला लोह मिळणार नाही, सुया पिवळ्या पडतील. शिवाय पाईनची मुळं एका विशिष्ट बुरशीच्या साथीने जगतात आणि ती बुरशी आपल्या माळात नाही. तो विषय सोडून द्या.

पाईनच्या कामातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. जात ठरवण्याइतकंच बी कुठून आणलं हे महत्त्वाचं. टेक्सासमध्ये बॅस्ट्रॉपजवळ लॉब्लोली पाईनचं एक सुटं रान आहे, मुख्य पट्ट्यापासून सुमारे १६० किमी पश्चिमेला, कमी पावसात. २०११ च्या वणव्यात ते जळालं, तेव्हा पुन्हा लावण्यासाठी त्याच कोरड्या भागातल्या झाडांच्या बियांची रोपं वापरली. जात तीच, पण ओल्या पूर्वेकडचं बी तिथे तितकं तगत नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १९७४ साली लॉजपोल पाईनचं १४० ठिकाणचं बी ६० जागांवर लावून हेच तपासायला घेतलं होतं.

आपल्याकडे खैर घ्या. कोकणात अडीच-तीन हजार मिमी पावसात वाढलेल्या खैराचं बी आणि आपल्या माळावरच्या खैराचं बी एकच समजू नका. रोपवाटिकेत पहिला प्रश्न विचारायचा, "बी कुठलं?" उत्तर मिळालं नाही तर तिथून रोपं उचलू नका. बी स्वतः गोळा करत असाल तर एका जातीची निदान १५-२० झाडं निवडा, एकमेकांपासून ५०-१०० मीटर लांबची. विहिरीच्या किंवा कालव्याच्या कडेची टाळा, त्यांनी दुष्काळ पाहिलेलाच नसतो. पुढे ऊन वाढणार हे धरून पाव हिस्सा बी सांगोला, आटपाडी, जत या आणखी कोरड्या पट्ट्यातलं मिसळा. अशी रोपं पहिली दोन-तीन वर्षं हळू वाढतील. त्यावरून ती कमकुवत आहेत असं समजू नका.

कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांतच उगवण गमावू लागतं. गर धुवायचा, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. खैराला २४ तास साधं पाणी पुरतं. हिवराला मात्र उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतून रात्रभर ठेवावं लागतं.

पिशवीतली_मुळं

वरच्या प्रतिसादाला जोडून रोप कसं बघायचं ते सांगते. उंच, हिरवंगार, लुसलुशीत रोप इथे सगळ्यात आधी जातं. ते सावलीत आणि युरियावर वाढलेलं असतं. बुंध्याची जाडी मोजा. रोपाची उंची सेंमीत आणि बुंध्याची जाडी मिमीत घेऊन भागाकार करा. तो ६ च्या आत असेल तर रोप दणकट, ८ च्या वर असेल तर नाकारा. म्हणजे ६० सेंमीच्या रोपाचा बुंधा १० मिमी तरी हवा.

दुसरं मूळ. ५ बाय ८ इंची पिशवीत वर्षभर राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाला जाऊन गोल फिरतं. असं रोप लावल्यावर वर्षभर ठीक दिसतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात वाळतं, कारण मूळ खाली मुरमात गेलेलंच नसतं. लोक पाण्याला दोष देतात. दर पन्नास रोपांमागे एक पिशवी फाडून बघू द्या, अशी अट आधीच घाला. ६ बाय १२ इंची पिशवीतलं वर्ष-दीड वर्षाचं रोप मागा. मूळ थोडंच वळलं असेल तर लावताना तळाचा इंचभर भाग धारदार पात्याने कापा. दोन-तीन वेटोळे असतील तर रोप परत करा.

तिसरं, काटक करणं. लावणीआधी पाच-सहा आठवडे शेडनेट काढायला सांगा. पाणी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. पिशव्या एकदा जागेवरून हलवायच्या, म्हणजे जमिनीत घुसलेली मुळं तिथेच तुटतात. हे लावणीच्या दिवशी झालं तर रोप आठवडाभर मान टाकतं.

गायरान_तीन_एकर

ताई, भागाकाराची पद्धत फारच उपयोगी आहे. १,२०० रोपांचं काय? आणि अंजन चालेल का?

मुरूम_माती

१,२०० नको. टँकर ५,००० लिटरचा, म्हणजे एका रोपाला चार लिटर. मे महिन्यात चार लिटर वरच्या थरातच उडून जातात, मुळापर्यंत काही पोचत नाही. १० लिटर धरा. ५ बाय ५ मीटरवर ३ एकरात साधारण ४८० रोपं बसतात, तेवढीच तुमची एक खेप.

त्याआधी एक विनंती. जागेत कुसळी, पवन्या असं चांगलं गवत असेल, काळवीट किंवा लांडगा दिसत असेल तर तो भाग झाडांनी भरू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच तालुक्यात आहे. माळढोकाला उघडा माळ लागतो, तो झाडीत राहत नाही. असा माळ ओसाड नसतो, गवताचं रान असतं. झाडं उजाड, धूप झालेल्या उतारावर आणि ओघळीच्या कडेला लावा.

४८० मध्ये मी असं घेईन: हिवर ९०, खैर ८०, कडुनिंब ७०, अंजन ६०, बोर ५०, आपटा ४०, सीताफळ ४०, हिंगणबेट ३०, आणि माती खोल आहे तिथे, खालच्या बांधाला, चिंच २०. अंजन मुरमावर उत्तम. सुरुवातीची वर्षं ते सगळी ताकद मुळात घालतं, वर काडीच दिसते, शेंडाही वाळतो. ती काडी मेली म्हणून उपटू नका, नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे. गिरिपुष्प, सुबाभूळ, वेडी बाभूळ फुकट मिळाली तरी घेऊ नका. पसरतात, मग काढता येत नाहीत.

खड्डे एप्रिलमध्ये, दोन फूट लांब-रुंद-खोल. तळाचा मुरूम पहारीने आणखी वीतभर फोडायचा, ही पायरी मजूर हमखास गाळतात, समोर उभं राहून करून घ्या. भरताना तलावातला गाळ, दोन घमेली कुजलेलं शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड. कच्चं शेणखत वाळवीला बोलावतं. पहिल्या सरीला लावू नका. खड्ड्यात सळई खुपसा, दीड फुटापर्यंत सहज गेली तर ओल पोचली असं समजा.

गायरान_तीन_एकर

दादा, आच्छादनाला ज्वारीची धाटं टाकू का? आणि मर झाली तर सांधणी (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं) कधी?

मुरूम_माती

धाटं नकोत, वाळवी लागते आणि शेळ्याही येतात. मुरमातलेच चपटे दगड बुंध्यापासून चार बोटं सोडून गोल रचा. खाली ओल टिकते. त्याबाहेर बोराटीची काटेरी कडी करा. जानेवारीत प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत कापा आणि जागेच्या कडेने तीन मीटर रुंद जाळरेषा (आग आत येऊ नये म्हणून गवत काढलेली पट्टी) काढा.

सांधणी त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आपला मोठा पाऊस तेव्हा असतो, मुळांना नोव्हेंबरपर्यंत ओल मिळते. त्यासाठी ४८० वर शेकडा दहा, म्हणजे ५० रोपं, जादा घेऊन पिशवीतच ठेवा, पण जुलैपासूनच उघड्या उन्हात. जगलेली रोपं डिसेंबरात मोजू नका, तेव्हा सगळीच हिरवी दिसतात. पुढच्या जूनमध्ये, पावसाआधी मोजा, आणि प्रत्येक जातीची मोजणी वेगळी लिहा, बी कुठलं होतं त्यासह.