मदत हवी आहे : लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलचा नेम
नमस्कार मंडळी. जळगावात नेमबाजी शिकणाऱ्या पोरांसाठी लिव्हर-अ‍ॅक्शन (ट्रिगरपाशची दांडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलींचा माहितीफलक करतोय. जुनी विंचेस्टर १८९४ रिकामं काडतूस वरून फेकते, त्यामुळे दुर्बीण बसवायची पंचाईत. १९४८ च्या मार्लिन ३३६ मध्ये ते बाजूने पडतं. सॅव्हेज ९९ च्या फिरत्या मॅगझिनमुळे टोकदार गोळी चालली. नळी-मॅगझिनमध्ये (बॅरलखालच्या नळीत काडतुसं एकामागे एक) तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर (ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर) टेकतं, म्हणजे जिवाशी खेळ.

अडलंय बॅरलपाशी. नळी-मॅगझिन पट्ट्यांनी बॅरलला जखडलेलं. बॅरल तापलं की ताण येतो, शॉट सरकतात. ब्राउनिंग बीएलआरला पेटी-मॅगझिन आहे, शिवाय बोल्ट (काडतुसामागे बसणारा दांडा) पुढच्या टोकाला फिरून लॉक होतो. मग नेम सुधारण्यात जास्त वाटा कशाचा, पेटी-मॅगझिनचा की बोल्टच्या लॉकचा? दोन्ही प्रकार हाताळलेल्यांनी सविस्तर सांगा भाऊ, पोरांना चुकीचं शिकवायचं नाही.