‘एकूण’ दिसले की बेरीज? शाब्दिक उदाहरणांच्या तक्त्यावरून वाद

टिळकवाडीचे शिकवणीवाले: सहावी-सातवीच्या मुलांना शाब्दिक उदाहरणे जड जातात, म्हणून मी एक तक्ता पाठ करून घेतो. ‘एकूण’ आणि ‘जास्त’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, ‘प्रत्येकी’ म्हणजे भागाकार. महिन्याभरात गुण वाढतात. हवा त्यांनी न्यावा.

खानापूरचा मास्तर: हा तक्ता माझ्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला आहे, म्हणून सविस्तर लिहिणे भाग आहे. ‘सीतेकडे १८ पेरू आहेत; ते गीतेच्या पेरूंपेक्षा ५ ने जास्त आहेत, तर गीतेकडे किती?’ यावर आपला विद्यार्थी ‘जास्त’ पाहून २३ लिहून मोकळा होतो. ‘८ मुलांना प्रत्येकी ६ वह्या, तर वह्या किती?’ म्हटले की तो भागायला बसतो. मागे हलशीच्या सहलीचा हिशेब मी मुलांनाच दिला होता: मुले ९०, एका टेम्पोत २४. उत्तर आले, ‘३ पूर्णांक ३/४ टेम्पो’. पाऊण टेम्पो कोठून आणायचा, असे विचारताच वर्ग हसला. पण हसणाऱ्यांच्या वह्यांतही तेच होते. १९८१-८२ च्या अमेरिकेतील राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते की, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील. ३२ हे उत्तर चौथाईहूनही कमी मुलांनी दिले. पुष्कळांनी ‘३१, बाकी १२’ लिहिले. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या, उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्यांपैकी पहिली, म्हणजे उदाहरण समजून घेणे, आणि शेवटची, म्हणजे उत्तर पडताळणे, या दोन्ही आपला तक्ता उडवून लावतो.

टिळकवाडीचे शिकवणीवाले: सर, साठ मुलांच्या वर्गात पोल्या चालवून दाखवावा, मग बोलू. नापास झालेल्या मुलाचे पालक माझ्या दारात येतात, पोल्यांच्या नाही.

निपाणीकर आजोबा: पावकी, निमकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे गेले तेव्हाच हे ठरले होते. शिवाय मुलाला उदाहरण वाचताच येत नाही, हे कोणी बोलत नाही. माझी नात मराठी शाळेत जाते, पण तिच्या आईचे माहेर कन्नड. ‘मुद्दल’ आणि ‘सरळव्याज’ पाहून ती गप्प बसली. व्याजाला कन्नडमध्ये म्हणतात तसे ‘बड्डी’ म्हटल्याबरोबर तिने आईच्या बचत गटाचा हिशेब तोंडी सांगितला. अडले होते ते गणित नव्हे, शब्द.

शहापूरची एक आई: आजोबा, भाषेची सबब पुरे झाली! माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ वाचून तिने ५ – क्ष लिहिले. मग तिथे कोणती बड्डी आडवी आली?

निपाणीकर आजोबा: ताई, आपण माझेच म्हणणे सिद्ध केलेत. मराठीत आपण ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ म्हणतो. क्ष आधी, ५ नंतर, म्हणजे क्ष – ५ त्याच क्रमाने लिहिले जाते. कन्नडमध्येही ‘एक्सगिंत ऐदु कडिमे’, तोच क्रम. निदान एवढ्या बाबतीत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

शहापूरची एक आई: क्रमाचे मान्य करते. पण शेजारचा मराठी माध्यमातला मुलगाही त्याच उदाहरणात चुकला होता, तेव्हा सगळे खापर इंग्रजीवर फोडू नये.

खानापूरचा मास्तर: तो चुकला असेल, तर ‘कमी’ हा एकच शब्द उचलून चुकला असेल. म्हणून मी आकडे झाकून उदाहरण वाचायला लावतो आणि काय घडले ते घरच्या बोलीत सांगायला सांगतो. मग ते कन्नड असो वा मराठी. त्यानंतर आडव्या पट्ट्या: सीतेची लांब, गीतेची आखूड, मधले अंतर ५. बेरीज की वजाबाकी, हे पट्टीच सांगते. एका तासात तीनच उदाहरणे होतात, हे मात्र खरे.

टिळकवाडीचे शिकवणीवाले: तीन! माझ्याकडे वीस होतात. तरीही ‘प्रत्येकी’ची ओळ तक्त्यातून काढतो, कारण ती चुकीचीच आहे. ‘जास्त’बद्दल परीक्षेनंतर पाहू.

खानापूरचा मास्तर: परीक्षेत पेरू आले तर?