बॉक्साइट हे नाव कोठून आले? जांभा आणि बॉक्साइट एकच का?

प्रश्न (राधानगरी, जि. कोल्हापूर): आमच्या भागातील सड्यांवरून (डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठारांवरून) निघणाऱ्या बॉक्साइटला, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात त्या दगडाला, गावातील जुनी माणसे सरसकट जांभाच म्हणतात. हे दोन्ही एकच की वेगळे, आणि बॉक्साइट हे नाव मुळात कोठले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: नाव गावावरून पडले आहे. दक्षिण फ्रान्समधील ले बो (Les Baux) या गावाजवळच्या तांबड्या दगडाचे पृथक्करण फ्रेंच भूवैज्ञानिक पिएर बेर्तिए यांनी 1821 मध्ये केले, तेव्हा त्यात लोहापेक्षा ॲल्युमिनाच (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) अधिक भरला. नामकरण मात्र पुढे इतरांनी केले आणि आजचे रूप 1861 च्या सुमारास रूढ झाले. गंमत अशी की, गावाचे नाव घेताना त्यातले शेवटचे अक्षर x उच्चारत नाहीत, पण खनिजाच्या नावात तेच ‘क्स’ होऊन बसले आहे.

उत्तर २: वरील माहितीला थोडी पुरवणी जोडतो. बॉक्साइट हे काटेकोरपणे एक खनिज नसून गिब्साइट, बोहमाइट आणि डायस्पोर या ॲल्युमिनियमयुक्त खनिजांच्या मिश्रणाचा खडक आहे. ले बो येथील साठे चुनखडीवरचे आहेत. आपले साठे काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, माथ्यावर तयार झालेले असून त्यांत गिब्साइटच प्रामुख्याने आढळतो. भरपूर पाऊस आणि उष्ण हवा यांमुळे बेसॉल्टमधील सिलिका, चुना, सोडा दीर्घकाळ झिरपून निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. जेथे लोह टिकले तेथे जांभा झाला. जेथे तेही बरेचसे धुऊन गेले तेथे बॉक्साइट. दोन्ही एकाच सड्यात खालीवर सापडतात, त्यामुळे गावकऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखता येतो का?

उत्तर २: काही अंशी येतो. जांभा गंजासारखा तांबडा व सच्छिद्र असतो. चांगले बॉक्साइट फिकट, गुलाबीसर असून फोडल्यावर त्यात पुष्कळदा वाटाण्याएवढ्या गोल गाठी दिसतात. तथापि रंगावर विसंबू नये, प्रयोगशाळेतील पृथक्करणच निर्णायक मानावे.

उत्तर ३: हा फरक कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे. जांभा गौण खनिजांत मोडतो आणि त्याचे नियम राज्य शासन करते. बॉक्साइट मात्र प्रमुख खनिज असल्याने त्याला 1957 च्या केंद्रीय खाण कायद्याखालील खाणपट्टा लागतो. चिरेखाणीच्या (जांभ्याचे चिरे काढण्याच्या खाणीच्या) परवान्यावर बॉक्साइट काढता येत नाही.