मुलीचा घोळणा सारखा फुटतो, प्लेटलेट नॉर्मल. मग काय असेल?

अबोली:
मुलगी तेरा वर्षांची आहे. लहानपणापासून तिचा घोळणा फुटतो, कधीकधी अर्धा तास थांबत नाही. मागच्या वर्षी दाढ काढली, तर सकाळी उशी रक्ताने भरलेली. आता पाळी सुरू झालीय, आज अकरावा दिवस, तासाभरात पॅड भिजतंय. प्लेटलेट २.४ लाख, रक्त गोठण्याच्या पीटी आणि एपीटीटी या चाचण्याही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला असं होतंच. हिमोफिलिया तर मुलग्यांना होतो ना?

प्राजक्त:
ताई, तासाला पॅड भिजतंय म्हणजे आजच दवाखान्यात न्या. चक्कर किंवा धाप असेल तर थेट इमर्जन्सीत.

तुम्ही लिहिलंय ते सगळं माझंच आहे. मला फॉन विलेब्रांड आजार आहे, हे एकोणतिसाव्या वर्षी कळलं. आमच्याकडे आजी, आई, मावशी, सगळ्यांच्याच अंगावरून खूप जायचं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटलंच नाही. त्या वर्षांचा मला अजून राग येतो.

जखम झाली की प्लेटलेट तिथे चिकटायला लागतात आणि त्यांना चिकटवतं ते फॉन विलेब्रांड प्रथिन. ते कमी असलं (टाइप १, बहुतेकांना हाच), नीट काम करत नसलं (टाइप २) किंवा जवळजवळ नसलंच (टाइप ३), तर प्लेटलेट भरपूर असूनही रक्त वाहत राहतं. म्हणून नाक, हिरड्या, पाळी. हे मुलगे-मुली दोघांनाही होतं. हिमोफिलियात फॅक्टर ८ किंवा ९ (रक्त गोठवणारी प्रथिनं) कमी असतो, रक्तस्राव जास्त करून सांध्यांत, स्नायूंत होतो. तो एक्स गुणसूत्रावरून येतो म्हणून मुलग्यांत जास्त, पण वाहक बाईचाही फॅक्टर कमी असू शकतो.

रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. फॉन विलेब्रांड अँटिजेन (प्रथिन किती आहे), त्याची अ‍ॅक्टिव्हिटी (ते किती काम करतं) आणि फॅक्टर ८ तपासायला सांगा. तोवर पोट दुखलं तरी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका. मला ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडने (रक्तस्राव कमी करणारं औषध) पाळीत खूप फरक पडला, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

लॅबवाला:
एक भर घालतो. ताप, ताण, गरोदरपण असताना हे प्रथिन वाढतं. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी पुन्हा तपासावं लागतं. ओ रक्तगटात ते मुळात थोडं कमीच असतं. आणि साधा एपीटीटी या आजारात बरेचदा नॉर्मलच येतो.

अबोली:
निघालोय आम्ही. वाटेत आईला फोन केला. माझ्या वेळच्या बाळंतपणात तिला रक्त चढवावं लागलं होतं. मला आज कळतंय.